माजघराचा फोटो आणि गवंड्याचा ओळंबा

कोकणातल्या जुन्या घरांत पाहुण्यांना खोल्या देणारे घरमालक आणि आजोळचं घर उतरवण्याआधी त्याची नोंद ठेवू पाहणारी नातवंडं, असे दोघंही मला फोटो पाठवतात. सोबत एकच विनंती असते: 'जरा सरळ करून द्या.' बहुतेक फोटोंत ओटीचे खांब वर जाता जाता एकमेकांकडे झुकलेले असतात, दाराची चौकट मागे रेललेली असते आणि कडेला ठेवलेली कळशी घंगाळाएवढी रुंद झालेली असते. मालवणच्या एका आजींना मी त्यांच्याच ओटीचा असा फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, आमचो खांब पडाक इलेलो नाय हा!"

असे फोटो नंतर थोडेफार सुधारता येतात. पण निम्म्याहून जास्त काम शटर दाबण्याआधी होतं, आणि उरलेलं काम ठरावीक क्रमानेच करावं लागतं. क्रम चुकला की सरळ करायला गेलेलं घर आणखी वाकडं होतं.

१. आधी तीन दोष वेगळे ओळखा

लोक तिन्ही दोषांना 'लेन्सने वाकडं केलं' म्हणतात. प्रत्यक्षात त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही.

पहिला दोष, उभ्या रेषा कलणं. याचं खापर लेन्सवर फोडू नका. कॅमेरा वर किंवा खाली झुकवला म्हणून हे होतं. वर झुकवला तर खांब वरच्या टोकाला जवळ येतात, खाली झुकवला तर खालच्या. कुठल्याही लेन्सने हेच होईल, वाइड अँगलमध्ये ते जास्त डोळ्यात भरतं एवढंच.

दुसरा, सरळ रेषा वाकणं. तुळई कमानीसारखी फुगलेली दिसते, दाराची बाजू पोट काढते. हा खरा लेन्सचा दोष. तो त्या त्या लेन्सच्या प्रोफाइलने (सॉफ्टवेअरमधल्या त्या लेन्सच्या दोषाच्या तयार नोंदीने) जवळजवळ पूर्ण निघतो.

तिसरा, कडेच्या वस्तू ताणल्या जाणं. हा कॅमेऱ्याचाही दोष नव्हे आणि लेन्सचाही, तरी तो सगळीकडे असतो, कारण सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेचं चित्र ताणावंच लागतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असलेल्या, १६ मिलिमीटरची लेन्स आडवं सुमारे ९७ अंश बघते (मिलिमीटरचा आकडा लहान, तेवढा आवाका मोठा). त्या चौकटीच्या डाव्या-उजव्या टोकाला ठेवलेला गोल हंडा जवळजवळ दीडपट रुंद दिसतो. २४ मिलिमीटरला आवाका ७४ अंशांचा, तिथे तोच हंडा सव्वापट. ३५ ला फरक सहसा जाणवतही नाही. याला सॉफ्टवेअरमध्ये नीटसा इलाज नाही. हंडा कडेवरून उचलून मध्याकडे आणायचा, हाच इलाज. माणसांनाही हाच नियम. कडेला बसवलेल्या काकूंना फोटो दाखवायची हिंमत होत नाही.

२. पिशवीत काय हवं

फुल फ्रेमवर १६ ते ३५ मिलिमीटरची झूम, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर १० ते २० च्या आसपासची. (एपीएस-सीवरचे १६ मिलिमीटर म्हणजे फुल फ्रेमचे साधारण २४.) शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता चित्र वर-खाली सरकवणारी) असेल तर उत्तमच, पण ती महाग असते आणि तिच्यावाचून अडत नाही. पुढे चौथ्या टप्प्यात तिचंच काम साध्या लेन्सकडून करून घेऊ.

ट्रायपॉड लागतोच. अंधाऱ्या माजघरात हातात धरून काढलेला फोटो हलतो, आणि हातातला कॅमेरा सपाट धरल्याचा आपला अंदाज नेहमी चुकतो. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर पुरतो. फ्लॅशच्या खाचेत बसणारी बुडबुड्याची छोटी पाणसळ घ्या. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चांगली असते, पण एकदा तरी पाणसळीशी ताडून बघा.

आणि दोन ओळंबे. हार्डवेअरच्या दुकानात गवंड्याचा पितळी किंवा लोखंडी ओळंबा मिळतो. नाही मिळाला तर जाड पांढरा दोरा आणि त्याला बांधलेला मोठा नट, काम तेच. हसू नका. कोकणातल्या जुन्या घरात खात्रीची उभी रेषा मिळायला दुसरा मार्ग नाही.

सावधान: एसी गाडीतून उतरून थेट दमट ओटीवर कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास घरात राहू द्या, तोवर चहा होतो. किनाऱ्यालगतच्या घरात लेन्सवर खारा थर बसतो. तो आधी ब्लोअरने उडवा, मग द्रावण लावून पुसा. कोरड्या फडक्याने घासलात तर बारीक कण काचेवरच्या लेपावर ओरखडे काढतील.

३. खोली तयार करा, पण दुकान मांडू नका

पंखे बंद. झोपाळा थांबवा आणि कड्या सरळ लोंबकळताहेत ना बघा. दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं असताना, हलता झोपाळा भुतासारखा दिसतो. भिंतीवरचं कॅलेंडर, चार्जरच्या वायरी, रंगीत प्लास्टिकच्या खुर्च्या बाजूला करा. सूप, रोवळी, कोपऱ्यातलं मुसळ, खुंटीवरची टोपी मात्र राहू द्या. माणसं राहतात असं दिसलं पाहिजे. यापलीकडे सजावट सुचवायला जाऊ नका. फोटोसाठी आणलेली फुलदाणी घरातल्यांनाही परकी वाटते.

दिव्यांचा निर्णय आधीच घ्या. पिवळा बल्ब, पांढरा एलईडी आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड असे तीन रंग एका भिंतीवर आले की नंतर काहीही करा, एक कोपरा निळा नाहीतर शेंदरी राहतोच. माझा शिरस्ता असा: दिवसा सगळे दिवे बंद. देवघरातली समई तेवढी चालते, कारण तिचा पिवळेपणा डोळ्याला अपेक्षित असतो.

एक खास कोकणी अडचण म्हणजे लाल कोबा. त्यावर ऊन पडलं की चुन्याच्या पांढऱ्या भिंतींचा खालचा भाग गुलाबी होतो. उघड्या जांभ्याच्या चिऱ्यांचंही तेच. तो गुलाबीपणा मुळापासून काढायला गेलात तर आकाश हिरवट होतं. ऊन थेट कोब्यावर नसेल अशी वेळ निवडणं सोपं.

वेळ: ढगाळ दिवस सर्वांत सोयीचा. उन्हाच्या दिवशी पूर्वेच्या दाराची खोली दुपारी आणि समुद्राकडे तोंड असलेली खोली सकाळी काढा. छपरात काचेचं कौल असेल तर त्यातून पडणारा उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत जातो. तो चौकटीबाहेर जाईपर्यंत किंवा एखाद्या शोभेलशा जागी येईपर्यंत थांबा.

४. जागा आणि उंची ठरवा

दोनच प्रकार लक्षात ठेवा: समोरून किंवा कोपऱ्यातून. समोरून काढायचं तर सेन्सर मागच्या भिंतीला अगदी समांतर हवा, म्हणजे तुळया आणि फरशीच्या आडव्या रेषा चौकटीला समांतर येतील. कोपऱ्यातून काढायचं तर स्पष्टपणे कोपऱ्यातून काढा. दोन-चार अंशांनी तिरपा राहिलेला 'समोरचा' फोटो ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. माजघर आणि देवघर समोरून शोभतात, पडवी बहुतेक वेळा कोपऱ्यातून, कारण तिची लांबीच तिचं रूप आहे.

आता उंची. उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून काढायची सवय सोडा. तिथून फरशी कमी आणि छत जास्त येतं, मग माणूस कॅमेरा खाली झुकवतो आणि खांब फाकतात. साधारण चार फुटांवर ठेवा, बुटक्या पडवीत साडेतीन फुटांवरही.

थोडं गणित कामाला येतं. कॅमेरा चार फुटांवर, छत दहा फुटांवर आणि कॅमेरा अजिबात न झुकवलेला आहे असं धरा. १६ मिलिमीटरला, आडव्या चौकटीत, जमीन सव्वापाच फुटांपुढची दिसेल आणि छत आठ फुटांपुढचं. २४ मिलिमीटरला जमीन आठ फुटांपुढची, छत बारा फुटांपुढचं. खोली बारा फूट लांब असेल तर २४ ने छत मिळणारच नाही, मग वर झुकवायचा मोह होतो. मोह आवरा. त्याऐवजी कॅमेरा उभा करा, सपाटच ठेवा, आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. १६ मिलिमीटरला उभ्या चौकटीत छत सव्वापाच फुटांपासूनच दिसायला लागतं. शिफ्ट लेन्स आतल्या आत हेच करते: सेन्सर उभाच, चित्राचा वापरायचा भाग तेवढा वर सरकवलेला. आपण मोठं चित्र घेऊन तो भाग कापून घेतो. काही मेगापिक्सेल जातात, जाऊ द्यात.

तपासा: जेवढी कमी वाइड लेन्स पुरेल तेवढी वापरा. मागे दार असेल तर दाराबाहेर, खळ्यात जाऊन उंबऱ्यातून आत बघा. चार पावलं मागे गेल्याने १६ चं काम २४ वर होत असेल तर घर जास्त खरं दिसतं. दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दाखवली की येणारा पाहुणा दारातच नाराज होतो, आणि ती नाराजी वाट्याला येते घरमालकाच्या.

५. कॅमेरा सपाट करा आणि ओळंबा टांगा

शेणाने सारवलेल्या जमिनीवर ट्रायपॉडचे पाय रुततात, खवले निघतात आणि वहिनींचा सकाळचा घाम वाया जातो. पायांखाली गोणपाटाच्या घड्या ठेवा. पडवीला पाणी बाहेर जावं म्हणून ढाळ असतो, त्यामुळे जमीन बघून पाय जुळवू नका. पाणसळ बघून जुळवा.

आधी डावी-उजवी पातळी, मग पुढची-मागची. दोन्ही बुडबुडे मध्यात आले की हेड घट्ट आवळा आणि पुन्हा बघा. आवळताना ते थोडं हलतंच.

आता ओळंबे. एक चौकटीच्या डाव्या एक तृतीयांश भागात, दुसरा उजव्या एक तृतीयांश भागात, तुळईच्या खिळ्याला किंवा कडीला अडकवून सोडा. दोरा भिंतीला किंवा खांबाला टेकता कामा नये. झोका थांबला की एक फोटो. मग ट्रायपॉडला धक्का न लावता ओळंबे काढा आणि खरे फोटो घ्या. झूमही बदलायची नाही, एक मिलिमीटरसुद्धा नाही.

हा खटाटोप कशासाठी? कारण जुन्या घरात उभं काही उभं नसतं. चिऱ्याची भिंत वर निमुळती होत जाते, पावसाळ्यांनी खांब एका बाजूला खचलेला असतो. आचऱ्याजवळच्या एका घरात मी ओळंब्याशिवाय काम केलं आणि कॉम्प्युटरवर एका भिंतीच्या कडेला 'उभी' मानून सगळं तिच्याप्रमाणे सरळ केलं. फोटो देखणे आले. ते बघून सुताराने दुरुस्तीचा अंदाज दिला, आणि प्रत्यक्ष आल्यावर कळलं की भिंत बाहेर पोट काढून झुकलेली होती. मी ती फोटोत उभी केली होती. तेव्हापासून दोन ओळंबे बॅगेतच असतात.

६. एक्स्पोजर

इथे फार रेंगाळायला नको. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००, लेन्सच्या छिद्राचा आकडा एफ/८, मॅन्युअल मोड. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. फोकस खोलीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, मग ऑटोफोकस बंद करून टाका. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कुठला मानायचा ती सेटिंग) ऑटोवर सोडू नका, सगळ्या फ्रेमना एकच ठेवा.

आतला काळोख आणि दारातलं ऊन एका फ्रेममध्ये मावत नाही. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच फ्रेम घ्या, नंतर त्या एकत्र करू. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. एफ आकडा बदललात तर फ्रेम एकमेकींशी जुळणार नाहीत.

सावधान: खिडकीबाहेरचे माड वाऱ्याने हलतात आणि एकत्र केलेल्या फोटोत झावळ्यांच्या तीन-तीन सावल्या येतात. सॉफ्टवेअरमधला हलत्या भागांचा पर्याय वापरा, नाहीतर खिडकीपुरती एकच फ्रेम वरून बसवा.

७. कॉम्प्युटरवर: हाच क्रम

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या नावांनी सांगतो. डार्कटेबल फुकट आहे आणि त्यातही लेन्स सुधारणा व रोटेट-पर्स्पेक्टिव्ह ही दोन्ही साधनं आहेत.

पहिलं, पाच फ्रेम एकत्र करा. दुसरं, लेन्स प्रोफाइल चालू करा. वाकलेल्या रेषा आधी सरळ व्हायला हव्यात. वाकड्या रेषेवर पट्टी ठेवून उभेपणा मोजता येत नाही, आणि नेमकी इथेच निम्म्या लोकांची गाडी घसरते. कॅमेऱ्याने जेपीईजीत ही सुधारणा आधीच केलेली असेल तर पुन्हा करू नका, तुळई उलट बाजूला वाकेल.

तिसरं, ट्रान्सफॉर्म, म्हणजे कललेल्या रेषा सरळ करणं. ऑटो बटणाला हात लावू नका. नव्या फ्लॅटमध्ये ते ठीक चालतं. कौलारू घरात छपराचे वासे तिरपेच असतात, त्यातला एखादा त्याने उभी किंवा आडवी रेषा समजून धरला की सगळं घर पिळवटून निघतं. त्याऐवजी गाइडेड निवडा, ओळंब्याची फ्रेम उघडा आणि दोन्ही दोऱ्यांवर दोन रेषा नेमक्या ओढा. भरपूर मोठं करून ओढा, कारण दोन पिक्सेलची चूक वर जाईपर्यंत दहाची होते. आडव्या रेषा फक्त समोरून काढलेल्या फोटोत ओढा, कोपऱ्यातल्या फोटोत त्यांना नैसर्गिक उतार राहू द्या.

मग ही सेटिंग खऱ्या फोटोवर कॉपी करा. कॉपीच्या यादीत 'अपराइट ट्रान्सफॉर्म्स'वर खूण हवी. नुसत्या 'अपराइट मोड'वर भागवू नका, आपल्याला हवी आहे ती ओळंब्याने ठरलेली नेमकी सुधारणा.

तपासा: पाचव्या टप्प्यात कॅमेरा खरंच सपाट असेल तर या वेळी चित्र जेमतेम हलतं. खूप हललं, कोपऱ्यांत मोठे पांढरे त्रिकोण आले, तर पाणसळ नीट बघितली नव्हती. शक्य असेल तर परत जाऊन काढा.

चौथं, उंची-रुंदीचं प्रमाण. जास्त सुधारणा केली की खोली उभी ताणली जाते. ज्याचं माप ठाऊक आहे अशी वस्तू बघा, भिंतीवरचं गोल घड्याळ सर्वांत चांगलं, पण ते मध्याजवळचं हवं. कडेचं आधीच ताणलेलं असतं. घड्याळ अंडाकृती दिसत असेल तर आस्पेक्टचा स्लायडर हलवून गोल करा.

पाचवं, आणि इतकं सगळं झाल्यावरच, क्रॉप. आधी कापलं तर सरळ करताना खांबाचा पाया किंवा आढं चौकटीबाहेर जातं. म्हणून काढतानाच चहूबाजूंनी दहा-पंधरा टक्के जागा जास्तीची ठेवा. रंग आणि उजेड याच्या नंतर.

८. किती सरळ करायचं

आढ्याकडे मुद्दाम वर बघून काढलेला फोटो सरळ करू नका. माणूस मान वर करतो तेव्हा वासे वर एकत्र आलेले त्यालाही दिसतात. असा फोटो जबरदस्तीने उभा केला तर छप्पर अंगावर आल्यासारखं वाटतं.

खचलेला खांब ओळंब्याच्या शेजारी कललेला दिसत असेल तर तो तसाच राहू द्या. घरमालक म्हणतील, "एवढा एक सरळ करा ना." जाहिरातीचा फोटो असेल तर मी नम्रपणे नाही म्हणतो, नोंदीसाठीचा असेल तर ठामपणे.

९. हातात फक्त फोन असेल तर

अर्ध्या पटीची अल्ट्रा वाइड लेन्स टाळा. ती बहुतेक फोनमध्ये फुल फ्रेमच्या हिशोबाने १३ मिलिमीटरच्या आसपासची असते आणि कडा भयंकर ताणते. मुख्य कॅमेरा बराचसा २४-२६ चा असतो, तोच वापरा आणि दाराबाहेर मागे जा. सेटिंगमध्ये ग्रिड आणि लेव्हल चालू करा. फोन छातीजवळ धरा, उभा, आणि पुढे-मागे न झुकवता. स्टुलावर पुस्तकांच्या चळतीला टेकवून टायमर लावला तर उत्तम. सरळ करायला स्नॅपसीडमधलं पर्स्पेक्टिव्ह किंवा लाइटरूमच्या मोबाइल ॲपमधली जॉमेट्री ही साधनं पुरतात. ओळंबा इथेही टांगता येतो. फरक इतकाच की हातातल्या फोनची जागा हलते, म्हणून दोरा खऱ्या फोटोतच राहू द्या, एका बाजूला, आणि नंतर पुसा.

१०. पाठवण्याआधी

फोटो आरशासारखा उलटा करून बघा. सवयीमुळे नजरेआड झालेला कल लगेच दिसतो. मग अंगठ्याएवढा लहान करून बघा, कारण पाहुणे तो फोनवर तेवढाच बघणार आहेत.

संकेतस्थळासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरते. मूळ रॉ फाइल आणि ओळंब्याची फ्रेम एकाच फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरच्या नावात खोली आणि तारीख लिहा. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून पुन्हा फोटो घेतलात तर दोन ओळंब्यांच्या फ्रेम शेजारी ठेवून खांब आणखी किती सरकला ते तिथेच मोजता येईल. त्यासाठी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा कोब्यावर खडूने खूण करून, तिचाही एक फोटो काढून ठेवा.